कासिमालीचा कान

कासिमाली हा माणूस मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याच्याविषयी एखादा शब्द बरा निघालाच तर तो नाइलाजाने निघाला हे लक्षात येईल. तो माझा कुदा, म्हणजे व्याही. माझी बुरुल त्याच्या मिर्लानला दिली आहे. नारिनमध्ये एक नदी, तिच्या काठाने एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही बाजूंना डोंगर, एवढंच आहे. अशा गावात व्याह्याला टाळून राहता येत नाही. मी चार वर्षं प्रयत्न करून पाहिला.

त्यात धंदाही असा की गाठ पडायचीच. मी, सागिन, नारिन ते बिश्केक टॅक्सी चालवतो आणि त्याचा गाड्या दुरुस्तीचा खड्डा आमच्या टॅक्सी स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. एक लोखंडी कंटेनर, त्याच्या पोटात खणलेला खड्डा, दाराशी एक स्टूल आणि काळी पडलेली किटली. तो इंजिनाला हात लावत नाही. ब्रेकला लावत नाही. फक्त गाडीचे पाय बघतो: स्प्रिंगा, शॉकअप, बुश, सांधे. त्याला विचारलं तर म्हणतो, "इंजिन बंद पडलं तर माणूस थांबतो. पाय तुटला तर माणूस जातो. मला दुसऱ्या प्रकारचंच काम समजतं."

वजन सव्वाशे किलो. खड्ड्यात उतरताना कंटेनर हलतो. सोव्हिएत काळात तो सरकारी डेपोत लोकरीच्या ट्रकांवर होता. तिथे त्याच्या जोडीदाराने एकदा घाईघाईत एका ट्रकचा सांधा न बघताच कागदावर सही केली. तो ट्रक दोलोन घाटाच्या उतारावर एका चाकाशिवाय खाली आला. ड्रायव्हरला पुरताना तेवीस वर्षांचा कासिमाली कबरीजवळ उभा होता. त्यानंतर त्याने स्वतः ऐकल्याशिवाय एकही गाडी सोडली नाही. हे मला त्याने सांगितलेलं नाही. तो मला काहीच सांगत नाही. हे मला बुरुलकडून कळलं.

गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याचं तोंड बंद करतो. आमच्याकडे थोराला बायके म्हणतात, म्हणजे दादा. "बायके, वळताना पुढून कटकट होते, मला वाटतं लिंक रॉड..." असं कुणी सुरू केलं की हा हात वर करतो.

"तुला वाटतं? मग तूच दुरुस्त कर. जा."

मग गाडीत बसतो आणि गल्लीतल्या खाचखळग्यांतून फेरी मारायला लावतो. कधी मागच्या सीटवर, कधी डिकीत दार उघडं ठेवून, एकदा तर बॉनेटवर पालथा पडून गेला होता. आवाज जिथून येईल तिकडे सरकत जातो. मग खड्ड्यात उतरून दोघांना गाडी वरून दाबून डोलवायला लावतो आणि एकेका सांध्यावर तळवा ठेवत जातो. कुरकुर असेल तर किटलीतलं पाणी रबराच्या एकेका बुशवर ओततो. ज्याच्यावर पाणी पडताच कुरकुर थांबते तो बुश कोरडा पडलेला. खडखड असेल तर एका बाजूची लिंक काढून ठेवतो आणि गाडी तशीच फिरवून आणायला लावतो. खडखड थांबली की चोर सापडला.

नवा बुश घातला की गाडी जॅकवरून उतरवतो, चाकं जमिनीला टेकवतो आणि मगच बोल्ट शेवटचा आवळतो. चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली येताच बुश पिळतो आणि महिन्याभरात फाटतो. माझ्या धाकट्या भावाने एकदा ही चूक केली होती. कासिमालीने ती पाहिली आणि भर स्टँडवर विचारलं, "हे ज्याचं काम आहे त्याचं लग्न झालंय का? नसेल तर करू नका. बायकोचे हाल होतील." भावाचं लग्न ठरत होतं तेव्हा.

असा तो. तरी मी मुलगी दिली, कारण मुलीने ऐकलं नाही. लग्नाला आम्ही चाळीस माणसं घेऊन त्याच्या दारात गेलो. मी गाडीतून उतरलो, नव्या टोपीत, छाती काढून. व्याह्याने पुढे येऊन मिठी मारायची असते. हा आला तो माझ्या गाडीकडे. मडगार्डवर हात ठेवून दोनदा दाबलं आणि चाळीस माणसांच्या देखत म्हणाला, "कुदा, पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत. यात बसवून आणलंत माझ्या सुनेला?" मग मिठी. जेवणात मानाचं मांडीचं हाड माझ्या ताटात यायला हवं होतं. ते त्याच्या मेव्हण्याला गेलं आणि मला बरगडी आली. चुकून झालं म्हणे. माझी बायको केन्जे म्हणाली, सोडून द्या. मी सोडून देणाऱ्यांतला नाही.

तर, दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात माझ्या गाडीला आवाज लागला. गाडी पांढरी, जपानी, निम्म्या नारिनकडे आहे तशीच. पुढच्या डाव्या चाकापाशी टक. मोठ्या खड्ड्यात नाही, बारक्या खळग्यात. तोही लहरी. सकाळी रिकाम्या गाडीने स्टँडवर जाताना टक टक टक, आणि प्रवासी भरून दोलोनकडे निघालो की चिडीचूप. कधी पुढे एखादी सडपातळ बाई बसली की पुन्हा यायचा. मला वाटलं, थंडीचा असेल. मग ऊन पडलं तरी आला.

मी कोचकोरला दुसऱ्या मेकॅनिककडे दाखवतो म्हटलं, तर केन्जे भडकली. "कुदाचा खड्डा दोन गल्ल्यांवर असताना परक्याकडे गाडी नेणार? बुरुलला त्या घरात राहायचंय. आपल्या तोऱ्यापायी तिला ऐकून घ्यायला लावू नका."

गेलो. अदबीने दार उघडून त्याला पुढे बसवलं, गल्लीतून फिरवलं. आवाज नाही. खड्ड्यावर घेतली. दोघांनी बॉनेटवर रेलून डोलवली, त्याने स्प्रिंगवर तळवा ठेवला, लोखंडी टॉमी घालून एकेक सांधा उचकटून पाहिला. सगळं घट्ट. मी घरी जाताना पहिल्याच वळणावर टक.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली. पुन्हा त्याला बसवलं, पुन्हा फिरलो. पुन्हा काही नाही. तिसऱ्या दिवशी मी हट्टाने त्याला नदीच्या पुलापर्यंत नेलं. पूल म्हणजे नुसते सांधेच सांधे, तिथे तर हमखास वाजायचं. नाही वाजलं. परत आलो तेव्हा स्टँडवर सात-आठ ड्रायव्हर चहा पीत उभे होते. कासिमाली उतरला, दार लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुदा, गाडीत काही नाही. आवाज तुमच्या डोक्यात आहे. तिथे मी टॉमी घालू शकत नाही."

काय हसले हरामखोर! शेरिक नावाचा एक आहे, त्याची जीभ त्याच्या गाडीपेक्षा जास्त धावते. त्याने त्याच दुपारी मला नाव ठेवलं: टकटक बायके. आठवड्याभरात नारिनच्या भाजीवाल्या बायकासुद्धा मला बघून जिभेने टक वाजवू लागल्या. छप्पन्न वर्षांचा माणूस मी, तीस वर्षं दोलोन ओलांडतोय, आणि बटाटे तोलणारी पोरगी मला टक करते. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

मग एक दिवस मी गल्लीतून जात होतो. कासिमाली स्टुलावर पाठमोरा बसला होता. केन्जेने निरोप दिला होता म्हणून मी हाक मारली. "कुदा!" हलला नाही. "अहो कुदा!" नाही. तिसऱ्यांदा ओरडलो. मान वळली नाही की खांदा हलला नाही. मी तिथेच उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याचा कान गेलाय! म्हणून याला आवाज आला नाही. बहिरा झालाय आणि लोकांपासून लपवतोय!

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतका की पावलं आपोआप भरभर पडू लागली. मी थेट शेरिकला गाठलं.

"ऐक, कुणाला सांगू नकोस," मी म्हणालो.

शेरिकला हे म्हणणं म्हणजे रेडिओवर बातमी देणं. शिवाय मी एवढ्यावर थांबलो नाही. बिश्केकच्या स्टँडवर सांगितलं, कोचकोरला सांगितलं, वाटेत जेवायला थांबतो त्या सारी-बुलाकच्या वॅगनमधल्या खानावळीत वाफवलेला ओरोमो खाता खाता सांगितलं. समोरची चहाची किटली रिकामी होईपर्यंत सांगतच राहिलो. लोकांना लगेच आठवू लागलं. एकाला आठवलं, गेल्या वर्षी त्याने माझा बुश बदलला आणि कुरकुर पुन्हा आली. दुसऱ्याला आठवलं, परवा मी सलाम केला तर त्याने उत्तर दिलं नाही. त्याने कधी कुणाच्या सलामाला धड उत्तर दिलं होतं? पण आता त्याचा अर्थ निघत होता.

बाजाराजवळ कुबान नावाच्या तरुणाने नुकतंच एक यंत्र आणलं होतं. चारी चाकांजवळ चिमटे लावायचे आणि कानांवर डबे घालून ऐकायचं. गाड्या तिकडे वळल्या. आमच्या मागच्या गल्लीत गवत उगवलं नाही एवढंच.

मग बुरुल आली. दारातच उभी राहिली, आत येईना. "बाबा, तुम्ही काय करून बसलात कळतंय का तुम्हाला?"

"मी काय केलं? कान मी फोडला का त्याचा?"

"त्यांनी खड्ड्याला कुलूप लावलंय."

"गिऱ्हाईक नाही तर लावणारच."

"गिऱ्हाईक नाही म्हणून नाही लावलं!" तिचा आवाज फुटला. "काल दोघे आले होते. त्यांनी दोघांनाही परत पाठवलं. म्हणाले, मला ऐकू येत नसेल आणि मी गाडी ठीक आहे म्हणून सोडली, तर तुम्ही मराल. घरात नळाखाली वाटी ठेवतात आणि दुसऱ्या खोलीत जाऊन थेंब मोजत बसतात. मग येऊन वाटी बघतात. मला विचारतात, बुरुल, आत्ता कुत्रं भुंकलं का? चाळीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही, तो मला विचारतो कुत्रं भुंकलं का!"

"त्याला माहीत आहे का, हे मी..."

"नाही. मी सांगितलं नाही. काय सांगू? माझ्या बापाने?"

ती गेली.  दुसऱ्या दिवशी केन्जेने सुनावलं: "बिश्केकला कानाचा मोठा डॉक्टर आहे. कुदाला तुम्ही घेऊन जाणार. प्रवासी घ्यायचे नाहीत."

मला पश्चात्ताप झाला होता असं म्हणालो तर खोटं होईल. मला अडचण झाली होती. मी अजूनही मनाला सांगत होतो की कान खरोखरच गेलाय, डॉक्टर तसंच लिहून देईल आणि मी खोटा ठरणार नाही. खरं तर मला ते हवंच होतं. असा विचार करत मी नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्याच्या दारात गाडी उभी केली. त्याने चांगला कोट घातला होता. दाढी केली होती आणि हनुवटीला कापलं होतं. मी पुढचं दार उघडून धरलं. तो बसला आणि गाडी डावीकडे कलली.

आम्ही दोलोनला लागलो. कडेला बर्फ होतं, रस्ता कोरडा होता. गाडी एकदाही वाजली नाही. मी मनात म्हणालो, वाज की भवाने, आता तरी वाज, याच्या बहिऱ्या कानाशेजारी वाज म्हणजे माझी खात्री होईल. नाही वाजली. घाट उतरून सारी-बुलाकला चहाला थांबलो.

वॅगन चालवणारी जुमाकान मला ओळखते. तिने माझ्यापुढे वाडगा ठेवला, मग कासिमालीच्या कानाशी वाकली आणि वॅगन दणाणेल अशी ओरडली, "आके! चहात! दूध! घालू का?"

कासिमाली दचकला. "ओरडतेस कशाला? मी काय पलीकडच्या डोंगरावर बसलोय?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ना," ती अजूनही ओरडतच होती, बिचारी मायेनेच. "सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे. या तुमच्या कुदांनीच नाही का सांगितलं, इथेच बसून! तेव्हा मला इतकं वाईट वाटलं हो!"

मी वाडग्यात बघत राहिलो. कासिमालीने चहा संपवला. सावकाश संपवला. मग हात उघडून चेहऱ्यावरून फिरवले, जेवणानंतर फिरवतात तसे, कारण तुमच्यावर आभाळ कोसळलं तरी अन्नाचा अपमान करायचा नसतो. उठला आणि बाहेर गेला. मी मागे धावलो. तो गाडीचं मागचं दार उघडून आत बसत होता.

"कुदा, पुढे या."

"कुदा म्हणू नकोस मला."

आजवर त्याने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. शिव्यासुद्धा तुम्ही म्हणून द्यायचा.

"लोक बघतायत. व्याह्याला मागे बसवलं म्हणतील मला..."

"म्हणू देत. मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसणार नाही. चालव, नाहीतर मी नारिनपर्यंत पायी जातो."

काय करणार? मी बसलो, गाडी काढली. शेजारची सीट रिकामी. वॅगनींच्या रांगेसमोर रस्ता उखडलेला आहे, बारके बारके खळगे. पहिल्याच खळग्यात टक. दुसऱ्यात टक टक. मी आरशात पाहिलं. कासिमालीने डोळे मिटले होते.

"हाच?" त्याने विचारलं.

"हाच."

"वीस दिवस हाच?"

"महिना झाला."

"पुढचा डावा. बुश नाही. सांधा नाही. स्प्रिंग." मग एकदम डोळे उघडून गरजला, "थांबव! थांबव गाडी, मूर्खा, आणखी एक चाकभरही नेऊ नकोस!"

कडेला घेतली. जॅक लावला, चाक काढलं. चांगल्या कोटातच तो गुडघ्यावर बसला. स्प्रिंगच्या सगळ्यात खालच्या वेटोळ्यावर रबराची नळी असते, तिच्यावर मातीचा जाड थर होता. त्याने सुरीने नळी उभी कापली. आत स्प्रिंग मोडलेली होती. बोटाएवढा तुकडा तळाच्या वाटीत नुसता पडला होता. पुढे वजन बसलं की तो दबून गप्प व्हायचा आणि वजन उठलं की वाजायचा. वरचं मोडकं टोक टायरच्या बाजूने नळी फाडून बाहेर आलं होतं आणि त्याला धार आली होती. कासिमालीने मला चाक उलटं करायला लावलं. टायरच्या आतल्या अंगाला टोकाने गोल चर पाडला होता, इतका खोल की आतले दोरे दिसत होते. त्याने त्या चरातून बोट फिरवलं, सबंध.

मी दोलोनवरून त्या टायरवर पाच पाच माणसं नेत होतो.

मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही एकदमच कळलं. तीन दिवस मी त्याला अदबीने पुढे बसवलं होतं. बरोबर त्या चाकावर, सव्वाशे किलो. इतर कुणाच्या गाडीत तो मागे गेला असता, डिकीत गेला असता. कुदाच्या गाडीत मागे बसणं म्हणजे भर स्टँडवर माझ्या तोंडावर थुंकणं. म्हणून तो बसला नाही, आणि मी बसवला नाही. आमचं एकमेकांशी इतकं वाकडं की अदबीत आम्ही तसूभरही कमी पडलो नाही.

"तुमचा कान..." मी सुरुवात केली.

"गप्प."

"पण मी तुम्हाला हाक मारली होती, गल्लीत. तीनदा. तुम्ही..."

"ऐकली होती. तिन्ही. तुझ्याशी बोलायचं नव्हतं."

मला हसू आलं आणि तेवढ्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने स्प्रिंग थोडी फिरवून टोक आत वळवलं, स्टेपनी चढवली आणि आम्ही बैलगाडीच्या चालीने कोचकोरला पोचलो. तिथल्या भंगारबाजारात त्याने स्प्रिंगांची जोडी शोधली, एकेकीला दगडावर आपटून ऐकून घेतलं आणि एका ओळखीच्या अंगणात दोन्ही बाजूंच्या बदलल्या. एकच बदलली तर गाडी लंगडते म्हणाला. मला म्हणाला नाही, स्प्रिंगला म्हणाला. काम झाल्यावर हात पुसत मागे बसला.

"आता परत."

"परत कसं? डॉक्टर? कुदा, डॉक्टरकडून कागद आणला तर मी सगळ्यांना दाखवीन. स्टँडवर चिकटवीन."

"कागद? चाळीस वर्षं गाड्या ऐकल्या मी, आणि आता खड्ड्याच्या दारावर कागद लावू, की या माणसाला ऐकू येतं? परत घे गाडी."

दोलोनचा चढ लागला. मग तो बोलला, पण खिडकीकडे बघत. "तू खोटं पसरवलंस ते मी समजू शकतो. मी लोकांत तुझं हसं केलं, तू मला लोकांत बहिरा केलंस. पण मी ते खरं धरलं. इतके दिवस मी माझ्याच कानावर विश्वास ठेवला नाही, तुझ्यासारख्याच्या जिभेवर ठेवला. ते मी तुला माफ करणार नाही."

मी गाडी चालवत राहिलो. मला लाज वाटत होती. तो अजूनही मला आवडत नव्हता, आणि लाज तरीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो टायर आणि स्प्रिंगचा तुकडा घेऊन स्टँडवर गेलो. सगळ्यांना गोळा केलं. सांगितलं, मी खोटं बोललो, त्याचा कान ठणठणीत आहे, आवाज त्याच्या वजनाने दबत होता, त्याने मागे बसून तीन खळग्यांत ओळखलं. सगळं सांगितलं, स्वतःला मूर्ख म्हणवून घेत सांगितलं.

ते माना डोलवत ऐकत होते. संपल्यावर शेरिकने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बायके, शाबास. असाच कुदा असावा."

"म्हणजे?"

"म्हणजे मुलगी त्या घरात आहे. दुसरं काय बोलणार तुम्ही? आम्हीही हेच बोललो असतो."

"अरे, हा टायर बघ!"

"बघितला. भंगारात असे पन्नास मिळतात. जाऊ द्या, तुमचा मान आम्हाला कळतो." आणि बाकीचे गंभीरपणे हो म्हणाले. मी खोटं बोललो तेव्हा एका दुपारीत सगळ्यांना पटलं होतं. मी आईची शपथ घेतली, भाकरी हातात घेऊन शपथ घेतली. जितकी शपथ घ्यावी तितकं त्यांना माझं कौतुक वाटत गेलं.

याला आता दोन वर्षं झाली. कासिमालीने कुलूप काढलं. रोज सकाळी येतो, कंटेनर उघडतो, किटली ठेवतो, स्टुलावर बसतो. गावातल्या चार म्हाताऱ्यांच्या गाड्या येतात, माझी येते. स्टँडची एकही येत नाही. मी फेरी नसली की तिथे जाऊन उभा राहतो. तो मला बस म्हणत नाही, जा म्हणत नाही. गल्लीतून गाडी गेली की हा मान न वळवता सांगतो, "उजवा मागचा शॉकअप. तेल गळतंय." किंवा "बॉल जॉइंट. महिना काढेल." आणि मी त्या गाडीमागे धावतो. हो, धावतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हात हलवत, थांब थांब ओरडत. कारण त्यातल्या एखाद्याचं चाक दोलोनवर निघालं तर ते माझ्या जिभेने काढलेलं असेल.

परवा शेरिकची गाडी गेली. कासिमालीने मान वर केली. "पुढची डावी स्प्रिंग. तुझी होती तशीच. धाव."

मी कोपऱ्यापर्यंत धावलो, बॉनेटवर थाप मारून गाडी अडवली आणि सांगितलं. शेरिकने काच खाली केली, हसला, दोन वाक्यं बोलला आणि गेला. मी धापा टाकत परत आलो.

"काय म्हणाला?" कासिमालीने विचारलं.

"उद्या आणतो म्हणाला. सकाळीच आणतो म्हणाला."

कासिमालीने किटलीतला चहा एकाच वाडग्यात ओतला, स्वतःच्या. "तो म्हणाला, त्या बहिऱ्याला सांग, आधी स्वतःचा कान दुरुस्त करून घे. आणि म्हणाला, बायके, तुम्ही तरी किती दिवस धावणार." त्याने एक घोट घेतला. "मला इथपर्यंत ऐकू आलं, सागिन."